मास्तर नावाचा फोल्डर

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अहो, जरा बाजूला येऊन बोला, मागे कुणीतरी माइकमध्ये 'वन टू, वन टू' करतंय. मला तेवढंच ऐकू येतंय.

कोण?… भोंगा?

अरे, भोंग्या! दोन वर्षांनी! मला वाटलं, कर्ज घेता का विचारणाऱ्या बाईंचा फोन… नाही रे, राग कसला. शाळेत तुला माइक लागायचा नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव, तेच आलं तोंडात. आता सूरमार्तंड म्हणायला हवं. वाचलं ना पेपरात. आज सत्कार, गाण्याची पस्तीस वर्षं, साडेसहा वाजता, मोठा हॉल…

अगं, भोंगा आहे… हो, तोच… नाही, निमंत्रणाचं अजून काही बोलला नाही.

काय म्हणालास?… पोस्टात हरवलं असेल? असेल, असेल. तू दोन गल्ल्या सोडून राहतोस. पोस्टाला ते अंतर जरा अवघडच.

बरं, बोल… वाजत नाही? कोण वाजत नाही?… कीबोर्ड. अच्छा. वाजवतं कोण हल्ली?… मेव्हणा? टायरच्या दुकानाचा?… बटणं दाबतो. बरोबर. आता वाजवायचं कुठे असतं, दाबायचंच असतं.

सहा वाजून पाच झालेत. लोक आत यायला लागलेत… अरे, ओरडू नकोस. आवाज जपून ठेव, आज लागणार आहे तो.

हे बघ, पहिल्यापासून सांग. मशीन चालू आहे?… पडद्यावर उजेड आहे. बोटाने एखादा सूर दाबलास तर ऐकू येतो?… येतो. म्हणजे स्पीकर ठीक, वायरी ठीक. फक्त रेकॉर्ड केलेलं गाणं लागत नाही. एकच गाणं की सगळी?… सगळी. बेचाळीसच्या बेचाळीस. वा.

नाही, हसत नाहीये. खोकला आहे.

मेव्हण्यांकडे दे फोन. तू घाम पूस. फोटोत चमकतो.

…हां, मेव्हणे, नमस्कार. दुकान कसं आहे?… बरं, बरं, नंतर सांगा. पेनड्राइव्ह लावलाय?… नीट आत गेलाय? शेजारी बारीक दिवा असतो, तो लुकलुकतोय?… लुकलुकतोय. छान. आता पडद्याखाली सरकवायच्या पट्ट्या आहेत, त्यातली 'साँग' लिहिलेली बघा. खाली पडलेली नाही ना?… वरपर्यंत आहे. मग आवाजाचा घोळ नाही.

आता ती आठ बटणांची रांग. हो, जिच्यावर मी एक ते आठ आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात… काढल्या? का काढल्या?… चांगलं दिसत नव्हतं. ठीक आहे. दर पानाला आठ गाणी, पान पहिलंच ठेवा. डावीकडून पहिलं दाबा. त्या एका बटणात गाणं, ताल, गती, तुमच्या भावोजींची पट्टी, सगळं एकत्र बांधून ठेवलंय मी. दाबलं की अख्खा संसार मांडून होतो… दाबलंत?… ताल बदलला, पण गाणं आलं नाही. पडद्यावर काय उमटलं?… वाचा ना, मेव्हणे. टायरवरचे बारीक आकडे वाचता तुम्ही… 'फाइल सापडत नाही.'

हं.

नाही, बिघडलं काही नाही. त्या बटणाला एवढंच ठाऊक असतं की गाणं कुठे ठेवलंय. तिथे जातं, दार वाजवतं, कुणी नाही म्हणून परत येतं. म्हणजे गाणी हलली तरी, किंवा पुसली तरी. कुणी हात लावलाय?… कुणीच नाही. बरं.

पेनड्राइव्ह उघडा. यादी दिसेल. त्यात एकच फोल्डर असायला हवा. मी ठेवलेला. 'मास्तर' नावाचा. यंत्राला आपली अक्षरं येत नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरात लिहिलाय… दिसतो?… दिसत नाही. खाली सरकवून बघा… खाली काहीच नाही. एकच फोल्डर आहे. त्याचं नाव काय?

काय?

पुन्हा सांगा… 'सूरमार्तंड'.

…आहे, मी आहे फोनवर. उघडा तो. आत किती गाणी?… बेचाळीस. म्हणजे गाणी आहेत. जिथल्या तिथे आहेत. दारावरची पाटी तेवढी बदललीत तुम्ही.

अगं, काही नाही… अगं, सांगतो नंतर. पाणी नको, बसलोय मी.

कधी बदललंत, मेव्हणे?… काल संध्याकाळी, तालीम झाल्यावर. आणि बदलल्यावर एकदाही वाजवून बघितलं नाही. बरोबर, नाव बदलल्याने कुठे काय होतं… तुमच्या मनाने बदललंत?… घाबरू नका, मी कुणाला सांगत नाही… हं. त्यांनीच सांगितलं. द्या त्याला फोन.

…हां, बोल, सूरमार्तंड. म्हटलं, एकदा तुझ्या तोंडून ऐकावं.

प्रोजेक्टर? कुठल्या भिंतीवर?… स्टेजच्या बाजूच्या. बरं, गाण्याचे शब्द भिंतीवर उमटणार. आणि वर कोपऱ्यात फोल्डरचं नाव येतं, एवढं मोठं. दर गाण्याला. सत्कार सूरमार्तंडांचा आणि भिंतीवर 'मास्तर'… नाही, नाही, पटतंय मला. लोक विचारणार, हा कोण. मग तुला सांगावं लागणार. कार्यक्रम लांबला असता उगाच.

शब्द कशासाठी म्हणालास?… लोकांनीही बरोबर म्हणावं म्हणून. भोंग्या, मी बोलतोय. मला तरी नको सांगूस. ते शब्द तुझ्यासाठी आहेत. तिसऱ्या कडव्याला तुझी पाटी कोरी होते, ती काय आजची गोष्ट आहे? बत्तीस वर्षं मी तुझ्या तोंडाकडे बघत वाजवलंय. तुझा डावा डोळा बारीक झाला की मला कळायचं, गेले शब्द. की मी मधलं संगीत पुन्हा घ्यायचो. कधी दोनदा, कधी चारदा. लोक म्हणायचे, काय रंगवून वाजवतात मास्तर! मी रंगवत नव्हतो रे, तुझी वाट बघत होतो.

…नाही, आज भांडायला वेळ कुठे आहे. सहा वाजून बारा झाले.

उपाय? आहेत ना. पहिला उपाय, पानापानावरच्या बेचाळीसही गाण्यांच्या बटणांना एकेक करून नवा पत्ता शिकवायचा. गाणं शोधायचं, निवडायचं, बटणात पुन्हा साठवायचं. मला एकाला दोन मिनिटं लागतात. मेव्हण्यांना किती लागतील ते तू सांग… आज बावीसच गाणी आहेत? मग साडेआठपर्यंत होईल. आभाराचं भाषण आधी उरकून घ्या.

दुसरा, बटणं सोडून द्यायची आणि फोल्डरमधून गाणं नुसतंच लावायचं. वाजेल. पण मूळ पट्टीत वाजेल. तुझी पट्टी मी दोन सुरांनी खाली आणून ठेवली होती, ते त्या बटणात आहे. कुणाला न सांगता आणली होती… हो, तुलाही. तू म्हणायचास ना, या वयातही आवाज तसाच आहे माझा. मी म्हणायचो, तसाच आहे. तर आज मूळ पट्टीत गाऊन बघ. पहिल्या रांगेत डॉक्टर बसवा कुणीतरी.

तिसरा उपाय म्हणजे फोल्डरला जुनं नाव परत द्यायचं. अर्धं मिनिट. सगळं वाजेल.

…चौथा नाही.

नाही म्हणतो ना. अडवून कशाला धरेन? यंत्र आहे ते. त्याला काय ठाऊक कुणाचा सत्कार आहे. जे नाव शिकवलं त्या नावाने हाक मारतं, बस.

अगं, ऐक ना… नाही ठेवणार मी फोन. त्याच्यासाठी नाही करत. अगं, त्या गाण्यांत बोटं माझी आहेत.

काय म्हणालास? मीच कशाला माझं नाव दिलं?… आठव जरा. तुझ्या घरची मागची खोली, जिथे तुमचं जुनं कपाट आणि शिलाई मशीन होतं. तू म्हणालास, मास्तर, तुझी बोटं हल्ली थरथरतात, सगळी गाणी एकदा रेकॉर्ड करून ठेव, चुकून आजारी पडलास तर अडायला नको. तीन महिने बसलो. पंखा लावला की आवाज येतो म्हणून पंख्याशिवाय बसलो. शेवटचं गाणं झालं, शब्दांचं शेवटचं अक्षर टाकलं, आणि तू म्हणालास, आता तू आराम कर. मला वाटलं, आठवडाभर म्हणतोयस.

त्या दिवशी मशीनने विचारलं, फोल्डरला नाव काय देऊ? मी दिलं. दुसरं कुणी विचारलं नव्हतं.

…हं. रडू नकोस. आवाज बसतो.

दे मेव्हण्यांकडे. सहा सतरा.

…मेव्हणे, फोल्डरवर बोट ठेवा. उघडू नका, नुसतं निवडा. आता 'रिनेम' शोधा. काल शोधलंच होतंत… बरोबर, तेच. आहे ते सगळं पुसा. हो, सूरमार्तंड पूर्ण पुसा. त्यांच्याकडे काय बघताय, पुसा. आता एम. ए. एस. टी. ए. आर. सगळी मोठी अक्षरं… झालं?… 'ओके' दाबा. आता पहिलं बटण दाबा आणि 'प्ले'.

…

अगं, इकडे ये. स्पीकरवर टाकतो. ऐक… ऐकलंस? मी आहे हा. हे बघ, इथे… इथे डावा अंगठा घसरला होता. ते काढायचं राहिलं. बरं झालं राहिलं.

वाजलं ना, मेव्हणे?… दुसरं बटण?… तिसरं?… झालं तर मग. नाही हो, हुशारी कसली, पाटी जागेवर लावली. फोन ठेवू नका. पहिलं गाणं पार पडेपर्यंत मशीनच्या बाजूला तसाच चालू राहू द्या. काही अडलं तर मी आहे.

…कोण, भोंगा? बोल… काय करशील?… नाव घेशील? स्टेजवरून?… पहिल्या गाण्याच्या आधी? शपथ बिपथ कशाला घेतोस, एवढं काही नाही… बरं, घे. म्हणजे, तुला वाटत असेल तर घे. 'मास्तर' एवढं म्हणालास तरी पुरे. लोकांना कळेल. जुने लोक असतील ना काही… बरं. जा तू. टाय सरळ कर.

…

अगं, बस इथे. चालू आहे फोन. म्हणाला, नाव घेतो… तोंड नको वाकडं करूस. शब्द दिलाय त्याने… अगं, रडत होता तो… हो, तो स्टेजवरही रडतो, मान्य. पण तेव्हा मी मधे सनई लावायचो, आता नव्हती.

श्श. सुरू झालं. बाई बोलतायत… 'पस्तीस वर्षांची साधना'… टाळ्या. पुष्पगुच्छ दिला असणार… आता अध्यक्ष. हे लवकर संपवणार नाहीत. चहा टाक तोवर… नको? बरं, बस.

…

आला. भोंगा बोलतोय, ऐक. 'रसिक मायबाप'… हं… 'मी कोण आहे'… आता घेईल… 'या प्रवासात ज्यांनी मला साथ दिली'… बघ, म्हटलं नव्हतं? आता… 'माझी पत्नी'… बरोबर, आधी पत्नी… 'माझे मेव्हणे'… हं… 'साउंडवाले, मांडववाले'… बरोबर, त्यांनाही विसरू नये…

'आणि संगीत संयोजन, मी स्वतः, रात्रंदिवस बसून.'

…

टाळ्या आहेत, अगं. दुसरं काय असणार.

नाही, थांब, ठेवू नकोस. गाणं व्हायचंय… थांब ना! काहीतरी कुजबुजतोय. जवळ आलाय मशीनच्या… ऐकलंस? तू ऐकलंस ना? 'ती केबल काढ' म्हणाला. प्रोजेक्टरची केबल… 'काढली' म्हणाले मेव्हणे. आता भिंत कोरी.

अगं, शब्द गेले ना त्याचे! नाव दिसू नये म्हणून शब्द घालवले. पस्तीस वर्षांत हा माणूस तिसरं कडवं… मेव्हणे! अहो मेव्हणे! केबल लावा!… ऐकू नाही जात. मशीनवर उताणा पडलाय फोन.

सुरू झालं. माझंच वाजतंय… चांगला लागलाय आवाज. दोन सूर खाली आहे म्हणून, पण चांगला लागलाय… हे पहिलं कडवं पाठ आहे त्याला. झोपेत म्हणेल. हं… हं… दुसरं. दुसरंही येतं. इथे टाळी घेतो. बघ… घेतली.

आता मधलं संगीत. इथे मी दोन फेऱ्या जास्तीच्या ठेवल्यात. रेकॉर्ड करताना तोच म्हणाला, ठेव, मला श्वास घ्यायला. श्वास म्हणजे शब्द आठवायला… पहिली फेरी… डावा डोळा बारीक झाला असणार आता. दुसरी… ये रे. ये.

…नाही आला.

नाही आला, अगं. गाणं पुढे गेलं. थांबत नाही ना ते! मी होतो तेव्हा थांबलो असतो, दहा फेऱ्या मारल्या असत्या. यंत्राला काय, दोनच फेऱ्या शिकवल्यात… 'लला ला' करतोय. लोक हसतायत. कुणीतरी शिट्टी मारली. भोंग्या, 'वाटेवरती' रे, 'वाटेवरती'ने सुरुवात आहे… अगं, मला माहितीये त्याला ऐकू जात नाही!

हॅलो? हां, मेव्हणे! उचललात एकदाचा. ऐका, रडू नका, तुमच्याकडे सगळ्यांनाच ती सवय आहे का? गाणं बंद करू नका. हे कडवं शेवटी पुन्हा येतं. उजव्या कोपऱ्यात 'लूप' लिहिलेलं बटण आहे, मधलं संगीत आलं की दाबा, संपलं की पुन्हा दाबा. ते तेवढंच फिरत राहील… आता येईल… आता! दाबा!… आता परत!… फिरतंय? शाबास. हे मी करायचो. फरक इतकाच, मला बटण नव्हतं.

आता केबल लावा… नाही म्हणाले? डोळ्यांनी नाही म्हणतायत? अहो, तिथे उभा राहून चारशे लोकांसमोर तो 'लला ला' करतोय आणि डोळ्यांनी नाही म्हणतोय?… माझं नाव तेवढं लागलं त्याला?

…

ऐका, मेव्हणे. टेबलावर निमंत्रणपत्रिका आहेत का? उरलेल्या?… गठ्ठाच आहे. एक घ्या. जाड कागद आहे ना?… सोनेरी कड. छान. केबल लावा आधी… लावली? आता प्रोजेक्टरच्या पुढे उभे राहा आणि काचेसमोर, हातभर अंतरावर, वरच्या कोपऱ्याच्या बाजूला ती पत्रिका धरा. सावली नावावर पडली पाहिजे. शब्दांवर नको, फक्त नावावर… भिंतीकडे बघून सरकवा. 'एम' दिसतोय अजून? थोडं आत… झाकलं? सगळं झाकलं?

हो, मीच सांगतोय. माझंच नाव आहे, माहितीये मला.

आता लूप सोडा, तेच बटण पुन्हा दाबा. दुसऱ्या हाताने. हात पुरत नाही तर त्या बाईंना सांगा… सोडलं?

…

आला. 'वाटेवरती' म्हणाला. बरोबर जागेवर आला… टाळ्या पडल्या. मुद्दामच केलं असणार म्हणतील लोक, काय रंगवून गातात.

अगं, मी ठीक आहे… नाही, तू म्हणतेस ते खरंय. खरंय म्हटलं ना.

काय, मेव्हणे? पत्रिका?… किती वेळ धरायची म्हणता?

बावीस गाणी आहेत ना. धरून ठेवायची. हात दुखला की दुसरा हात लावायचा.

नाही, माझ्यासाठी वेगळी पाठवू नका. तीच माझी. ठेवतो.